नागुबाईच्या मांडीवर

वात जरा बारीक कर रं, भरमा. भ्यालास तर धोतर ओलं करशील, आन् धुवायचं तुझ्या आईनं. ही काकती गावची खरी गोष्ट हाय. खुद्द नागुबाई सुईणीनं माझ्या आईला सांगितलेली.

दुसऱ्या म्हायुद्धाचं साल. मार्गशीर्षातली अवसेची रात्र. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून नागुबाई दिव्याविनाच निघाली. परशराम-आक्काताईच्या पोराची पाचवी होती. पोर तिच्याच हातचं. पण जन्मल्यापासून त्याला शी झाली नव्हती. पोट नगाऱ्यासारखं ताठलेलं. घरचे म्हणत, सटवाईचा कोप.

नागुबाईला खरं कारण ठाऊक होतं. नाळेचं मूळ जाड होतं, बोटांना आत काहीतरी मऊ लागलं होतं, तरी सवयीनं तिनं अगदी बेंबीलगत दोरा आवळला होता. मागं यशोदाबाईच्या पोरालाही असाच आवळला. ते पोर पोट फुगून गेलं, मागोमाग यशोदाबाई गेली. तेव्हाही हिनं सटवाईचंच नाव पुढं केलं. आता खरं बोलावं, तर पुन्हा गावात तिला बाळंतपणाला कोण बोलावणार?

ओढ्याजवळ एक बाई उभी होती. पदराखाली लेकरू.

"नागुमावशी, जरा धर गं."

आवाज ओळखीचा. यशोदाबाईचा. नागुबाई मटकन खाली बसली. लेकरू मांडीवर आलं. गार. पोट ताठ. बोटं बेंबीवर गेली... दोरा. गाठ तिचीच.

"ह्याला अजून शी झाली न्हाय गं, मावशी."

मग... काही नाही. रातकिडेसुद्धा नाहीत. मांडी रिकामी.

भरमा, माझं मनगट सोड. मोडंल.

नागुबाई पळत जाऊन परशरामच्या उंबऱ्यावर पडली. "आक्काताई, सटवाई न्हाय गं. माझ्या दोऱ्यात आतडं घावलंय. पोराला बेळगावला न्या."

"आन् इतकं दिस तोंड शिवलंवतं का तुझं?" परशराम म्हणाला आणि बैल जुंपायला धावला.

बाळ आक्काताईच्या छातीशी. नागुबाईला कुणी हात लावू दिला नाही. ती गाडीमागून चालत गेली.

डॉक्टरनं पोट उघडलं. बेंबीत उतरलेला आतड्याचा वेढा दोऱ्यात आवळला गेला होता. काळा पडलेला तुकडा त्यानं कापला, टोकं शिवली. "जगेल," म्हणाला. "सकाळवर टाकलं असतं, तर हाती लागलं नसतं."

पहाटे नर्स बाहेर आली. नागुबाई व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसलेली.

"आजी, लुगडं बदला. कुणाचं बाळ घेतलंवतं?"

"कुणाचंच न्हाय, बाई."

नर्सनं बोट दाखवलं. मांडीवर काळीहिरवी, चिकट... नुकत्या जन्मलेल्या पोराची पहिली शी.

परशरामच्या पोराला तर अजून झालीच नव्हती.

नागुबाईनं हात लावला.

ऊन होती.