कणठसा

'चित्रकोशा'ने रेवती गुरवचा तोच फोटो तिसऱ्यांदा परत पाठवला. शेराही तोच होता : 'चित्रात कण आहेत. दर्जा अपुरा.'

त्या काळी जगातली बहुतेक चित्रं यंत्रंच तयार करत. त्यांना ना कॅमेरा लागे, ना उजेड, ना समोर कुणी असावं लागे. त्यामुळे खऱ्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंना मोल आलं होतं. पाठ्यपुस्तकं, वर्तमानपत्रं, संग्रहालयं असे फोटो चित्रकोशाच्या भल्यामोठ्या संग्रहातून घेत. पण लोकांच्या नजरेला यंत्राच्या गुळगुळीत चित्रांची सवय लागली होती. फोटो खरा हवा, दिसायला मात्र यंत्राच्या चित्राइतका नितळ हवा, अशी चित्रकोशाची अट होती.

परत आलेला फोटो कुसारवाडीचा होता. डोंगरउतारावरच्या या बारा घरांच्या वाडीत रेवतीची भागाआत्या राहायची. मे महिन्यात रेवती तिच्याकडे गेली, तेव्हा वाडीच्या वरच्या अंगाला, दगडखाणीच्या कडेने, जमिनीला लांबच लांब फट पडली होती. आत्याच्या यजमानांनी खाणीवर जाऊन सांगितलं, तर मुकादम हसला होता. आत्याने फटीत उजवा हात घालून दाखवला, कोपरापर्यंत गेला. ढग दाटून आले होते, झाडीत उजेड जेमतेम होता. तेवढ्यात रेवतीने फोटो काढला.

तिने आदिनाथला फोन लावला. डॉ. आदिनाथ चौगुले चित्रकोशाच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत होता. दोघं कराडला एका वर्गात शिकलेली. रेवतीला पहिला कॅमेरा त्यानेच निवडून दिला होता.

"हे कण येतात कुठून रे?"

"कॅमेऱ्यात लाखो बारीक प्रकाशपेशी असतात. त्यांतल्या कुठल्याही दोन अगदी सारख्या नसतात. एक जरा जास्त उजेड घेते, एक कमी. हा फरक चित्रावर कणांसारखा उमटतो; उजेड कमी असला की ही खरखर जास्त दिसते. नेहमीसारखा आमच्या 'निर्मळ'मधून काढ, सगळं स्वच्छ होईल."

"आणि मूळ फोटो?"

"पुसून टाक. नियमच आहे तो, एका चित्राची एकच प्रत. कचरा कशाला सांभाळतेस?"

तिने ऐकलं. दोन वर्षांत तिने असे सहाशेच्या वर फोटो चित्रकोशाच्या या कण पुसणाऱ्या यंत्रणेतून काढले होते; हाच तेवढा तिला आहे तसा द्यायचा होता. शेवटी हाही काढला आणि मूळ पुसून टाकला. या वेळी चित्रकोशाने तो तासाभरात स्वीकारला.

ऑगस्टमध्ये डोंगर खाली आला. कुसारवाडीतली नऊ माणसं गेली. त्यांत भागाआत्याचे यजमान होते.

खाणकंपनीने न्यायालयात सांगितलं, डोंगर अतिवृष्टीने खचला, आधी तडा वगैरे काही नव्हता. रेवतीने आपला फोटो पुढे केला. तपासनिसांनी तो यंत्रात घातला आणि मान हलवली.

"याला कणठसा नाही."

माणसाच्या बोटावरच्या रेषा बदलत नाहीत, तशी एका कॅमेऱ्याची खरखरही बदलत नाही. तिलाच कणठसा म्हणत. यंत्रांनी चित्रांचा पूर आणल्यापासून न्यायालयं कणठसा असलेलाच फोटो पुरावा म्हणून धरत. रेवतीने कचरा म्हणून काढून टाकला, तो हाच.

मग खाणकंपनीने आपल्याकडचा एक फोटो सादर केला. तोच उतार, तोच मे महिना, तीच झाडी. जमीन अखंड. त्यावर कणठसा होता, अगदी ठसठशीत. तो रेवतीच्याच कॅमेऱ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत जाऊन आदिनाथसमोर उभी राहिली.

"निर्मळ जे काढून घेतं, त्याचं पुढे काय होतं?"

त्याने दार लावून घेतलं. "साठवलं जातं. एका फोटोची खरखर निरुपयोगी असते. सहाशे फोटोंची खरखर एकावर एक ठेवली की फोटोतला विषय पुसला जातो आणि उरतो तो निव्वळ कणठसा. मग तो कुठल्याही चित्रावर बसवता येतो."

"म्हणजे दर्जा, दर्जा म्हणून माझी सही गोळा करत होतात?"

"मी ते फोटोंच्या चोऱ्या पकडायला बनवलं होतं, रेवती. चित्रकोश हे ठसे विकतो, हे मला गेल्या वर्षी कळलं."

"गेल्या वर्षी. आणि मेमध्ये मला म्हणालास, पुसून टाक."

तो म्हणाला, "न्यायालयाने तज्ज्ञ म्हणून मलाच बोलावलंय. मी खरं सांगेन."

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी आदिनाथला विचारलं, "हा कणठसा या बाईंच्याच कॅमेऱ्याचा आहे?"

"हो."

"तो दुसऱ्या कुणाला चित्रावर बसवता येतो?"

आदिनाथने एकदाच रेवतीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

बाहेर जिन्यात तिने त्याला गाठलं. तो भराभरा बोलू लागला. "या ठशावर किती खटले निकाली निघालेत, ठाऊक आहे? किती खुनी आत आहेत? मी हो म्हटलं असतं तर एकही फोटो खरा उरला नसता. सगळंच कोसळलं असतं गं."

"नऊ माणसांवर कोसळलंच की," रेवती म्हणाली. तो तिला चुकवून खाली उतरून गेला.

भागाआत्या आवारातल्या बाकावर बसली होती. निकाल कंपनीच्या बाजूने गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. रेवती शेजारी बसली आणि कणठसा, निर्मळ, पेशी, सगळं जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगू लागली. आत्याने मधेच तिच्या हातावर हात ठेवला.

"रेवा, त्यो फोटू तुझ्याच कॅमेऱ्याचा हाय म्हनं."

"ठसा माझ्या कॅमेऱ्याचा आहे आत्या, फोटो माझा नाही."

आत्याला त्यातलं काही उमगलं नाही. तिने आपला उजवा हात कोपरापर्यंत निरखून पाहिला.

"साहेब बी म्हनले, यंत्र बी म्हनलं," ती हळूच म्हणाली. "धनी गेल्यापास्नं माझं डोस्कं ठिकानावर न्हाई. खरं सांग पोरी, व्हती का गं तिथं फट?"