‘ओकंबोकं’ची चिठ्ठी

“मेलेल्या माणसाचं नाव खोडायला हात धजतो तरी कसा? तो उठून भांडणार नाही, एवढाच ना धीर?”

काकांनी दिवा मालवला. आम्ही सरकून बसलो.

“माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा.

साडू छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायचा. शब्दकोशाचं काम. शब्दागणिक एक चिठ्ठी. शब्द, अर्थ आणि खाली वापराचं एक वाक्य. वाक्याशिवाय शब्द छापायचा नाही, हा कोश रचणाऱ्या मास्तरांचा दंडक. बावीस वर्षं त्यांनी एकट्याने त्या चिठ्ठ्या लिहिल्या. साडूला म्हणायचे, ‘मला मूल ना बाळ. पहिल्या पानावरचं नाव तेवढं सांभाळ रे.’

मास्तर गेले. पंधराच दिवसांनी संपादक म्हणाले, ‘त्यांचं नाव काढा, माझं एकट्याचं ठेवा. विचारतंय कोण?’

साडूने मान खाली घातली. कळ दाबली. नोकरीचा प्रश्न होता.

मंगळवार होता. त्याच रात्री साडेअकराला लक्षात आलं, ‘ओकंबोकं’ची चिठ्ठीच नाही. सकाळी छपाई. साडूने मास्तरांच्या घरमालकिणीला उठवलं. तिने खिडकीतूनच त्यांच्या खोलीची किल्ली टाकली.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची. खणात चिठ्ठी मिळाली. ‘ओकंबोकं: माणसं, सामान निघून गेल्यावर भकास वाटणारं.’ खाली वाक्याची जागा कोरी.”

“नक्की कोरी?” मी विचारलं.

“मध्ये तोंड घालू नकोस. उजेडात धरून पाहिली त्याने. कोरी.

चिठ्ठी टेबलावर ठेवली. खण लावायला वाकला. आणि वर... कुरकुर. कागदावर टाक फिरावा तशी.

तो तसाच वाकलेला.

खुर्ची सरकली.

मग... काही नाही.

चिठ्ठीवर मास्तरांचं अक्षर. ओलं.

‘ज्याला मुलगा मानलं, त्यानेच आज माझं नाव पुसलं आणि घर ओकंबोकं झालं.’

आज. कळलं?

साडू धावत छापखान्यात. नाव परत घातलं. वाक्यही घातलं. सकाळी कोश छापला गेला, दुपारी नोकरी गेली.

संध्याकाळी किल्ली द्यायला गेला, तेव्हा चिठ्ठी दाखवली. शाई अजून ओली. मालकिणीच्या बोटाला लागली.

ती बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘टेबल-खुर्ची तर मी रविवारीच भंगारात दिली. तू खण कुठला उघडलास रे?’”