एकदाच की दरवर्षी?

"पहिलं बरं दिसतंय, की दुसरं?" तिने भिंग बदलत विचारलं, आणि खुर्चीतला माणूस गहन विचारात पडला.

डोळे तपासणारीने दिवसातून शंभरदा विचारायचा प्रश्न हा. लोक पटकन उत्तर देऊन मोकळे होतात. हा मात्र "पुन्हा एकदा दाखवता?" असं सहाव्यांदा म्हणाला, तेव्हा तिला हसू आवरेना.

"अहो, परीक्षा नाहीये ही. जे स्पष्ट दिसतं ते सांगायचं."

"दोन्हीत तुम्ही सारख्याच छान..." तो बोलून गेला, आणि त्याचे कान लाल झाले.

"मी समोरच्या अक्षरांबद्दल विचारतेय," ती म्हणाली. आवाज कडक ठेवला खरा, पण नंबर लिहिताना तिने एक आकडा चुकवला आणि पुन्हा लिहिला.

चष्मा घेऊन तो गेला. संपलं, असं तिला वाटलं. पण पुढच्या सोमवारी होम लोनचा अर्ज घेऊन ती बँकेत गेली, तर टेबलामागे कोण? तोच! नाकावर नवा चष्मा.

"नंबर बरोबर आहे ना?" तिने बसता बसता विचारलं.

"आता सगळं स्पष्ट दिसतं," तो म्हणाला. "जरा जास्तच."

मग त्याने अर्ज उघडला, आणि बिचारीच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

"पहिलं घर घेणाऱ्यांना कराचे दोन पर्याय असतात," तो समजावू लागला. "एक म्हणजे खरेदीच्या दिवशी एकदाच मोठी रक्कम भरायची. पुन्हा कोणी विचारायला येणार नाही. दुसरा म्हणजे आता काही नाही, पण घर तुमच्या नावावर असेपर्यंत दरवर्षी थोडं थोडं."

"स्वस्त कुठला?"

"ते तुमच्यावर आहे. बारा वर्षांच्या आत घर विकलंत तर दरवर्षीचा. त्याहून जास्त राहिलात तर एकदाचा. पण एकदाचा घेतलात तर साठवलेले पैसे त्यात जाणार, लोन वाढणार, हप्ताही वाढणार... तरी बसतंय तुमच्या पगारात. आणि हो, एकदा खूण केली की बदलता येत नाही."

"म्हणजे मी तिथे किती वर्षं राहणार..."

"तेवढंच सांगायचं."

तेवढंच! पुढच्या महिन्याचं सांगता येत नाही माणसाला, आणि हा बारा वर्षांचं विचारतोय. आयुष्यभर लोकांना "पहिलं की दुसरं" विचारलं, आता भोग म्हणावं फळं!

घर मात्र हवंच होतं तिला. आठ वर्षं ती दादा-वहिनीच्या घरात, बैठकीतल्या सोफ्यावर झोपत होती. कोणी वाईट नव्हतं, पण पाहुणे आले की अंथरूण गुंडाळावं लागे, आणि कपाटाचा एकच खण तिचा. आठ वर्षं पै-पै जोडून आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या हाताशी आल्या होत्या. घराच्या मालकीणबाईंनी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली होती. तोवर बँकेचं पत्र आलं नाही, तर रोख पैसे घेऊन दुसरं जोडपं तयारच बसलं होतं.

रात्री जेवताना घरात सभाच भरली. "एकदाच भर आणि मोकळी हो," दादा म्हणाला. आई म्हणाली, "काहीतरीच काय! उद्या हिचं लग्न झालं की ही जाणार नवऱ्याच्या घरी. दरवर्षीचाच घे." वहिनी ताट उचलताना तिच्या कानाशी म्हणाली, "बँकेतले साहेब कसे आहेत हो दिसायला?"

मंगळवारी त्याचा फोन आला, एक सही राहिलीय. बुधवारी आला, पगाराची पावती पुन्हा बघायचीय. ती जायची, समोर बसायची, तो दोन्ही पर्यायांचे आकडे नव्या कागदावर मांडायचा. ती मान डोलवायची, आणि घरी पोचेपर्यंत लक्षात राहायचे ते फक्त त्याचे हात. कराचं काय ठरवायचं, आणि ह्या हातांचं काय करायचं... काही म्हणजे काही कळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"बँक आहे की सासर?" वहिनी म्हणाली. "रोज जाताय ते!"

गुरुवारी दुपारी ती न बोलावताच गेली. फाईल त्याच्याच टेबलावर पडलेली. शेवटच्या पानावर त्याची सही नव्हती.

"अजून पुढे गेलीच नाही?" ती उभ्यानेच म्हणाली. "अहो, उद्या बारा वाजता माझं घर जाईल!"

त्याने पान तिच्याकडे फिरवलं. खाली छापलं होतं – अर्जदार माझ्या नात्यातली वा जवळची व्यक्ती नाही, तिच्या घरात माझा कोणताही स्वार्थ नाही.

"यावर मला सही करावी लागते," तो म्हणाला. "सोमवारी करणार होतो. पेन उघडलं, आणि... ते खोटं झालं असतं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि आनंदाच्या आधी राग आला.

"आणि हे आज सांगताय? चार दिवस काय झोपला होतात?"

"फाईल दुसऱ्या टेबलावर गेली असती, म्हणजे तुम्ही इथे आला नसतात." त्याने मान खाली घातली. "चुकलं माझं. फार चुकलं. मला आवडता तुम्ही... पण त्यापायी तुमचं घर अडकवायला नको होतं."

"द्या ती इकडे," शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या. पिकल्या केसांच्या, रिटायरमेंटला आलेल्या. "सोमवारपासून बघतेय मी. सगळ्या शाखेला कळलंय, ह्या दोघांनाच काय ते कळायचंय!" त्यांनी फाईल ओढून घेतली, एकेक पान तपासलं, खाली सही ठोकली. त्यात तासभर गेला. मग त्यांनी मान वर केली.

"सगळं झालं. संध्याकाळी पत्र मिळेल. तेवढी कराची खूण करा. किती वर्षं राहणार?"

तिने पेन उचललं. आईचं ऐकायचं, दादाचं, की समोर खाली मान घालून बसलेल्या ह्या माणसाचा विचार करायचा? पण घर तर तिने घेतलं होतं. तिच्या कमाईचं, तिच्या नावाचं.

तिने 'एकदाच'समोर खूण केली. ठसठशीत.

"विचार करा हं," तो न राहवून म्हणाला. "उद्या लग्न झालं, घर सोडावं लागलं, तर नुकसान..."

"मी कशाला सोडू?" ती म्हणाली. "ज्याला माझ्याशी लग्न करायचंय, त्याने यावं की तिथे राहायला."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तिसरा मजला ना?" त्याने हळूच विचारलं. "लिफ्ट..."

"नाहीये."

"चालेल," तो म्हणाला. "मला चालेल."