नऊ लिटर

कारंज्याच्या उदयसिंग मिस्त्रीची एक सवय गावभर माहीत होती. गाडी तापते म्हटलं की बाकीचे मिस्त्री बेल्ट, पाइप, रेडिएटर असं सगळं एकदम बदलून मोकळे होत. उदयसिंग एका वेळी एकच वस्तू बदली, गाडी फिरवून आणी, गॅरेजच्या भिंतीवर खडूने टीप करी आणि मगच दुसरीला हात लावी.

१९७५च्या वैशाखात कस्तुरचंद शेठजींच्या काळ्या गाडीच्या नावाने भिंतीवर अकरा टिपा झाल्या होत्या.

गाडी वीस वर्षांची, पण जपलेली. खोड एकच. अमरावतीच्या रस्त्याला धनज तीन किलोमीटर राहिलं की पाण्याचा काटा सरसर चढे, इंजिन अडखळे आणि बंद पडे. शेठजींची सून कंचनबाई पहिलटकरीण होती. मूल आडवं आहे, शुक्रवारी दुपारच्या आत अमरावतीला पोचवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा तिथे दवाखान्याजवळ खोली घेऊन बसला होता. गावातली दुसरी भाड्याची गाडी लग्नसराईत नागपूरला गेलेली, आणि एसटीत आडवं पडायची सोय नाही. वाटेत गाडी बंद पडली तर काय होईल, हे कुणी बोलत नव्हतं. आज बुधवार होता.

उदयसिंगने थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून पाहिला. तो वेळेवर उघडला. रेडिएटर धुतला. हेड गॅस्केट नवं टाकलं. पेट्रोल तापून नळीत वाफ धरत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं बांधलं. उलट दिशेला, थेट रिठदपर्यंत भर उन्हात गाडी नेऊन आणली. काटा मध्यावरून हलला नाही. धनजच्या वाटेला लागला आणि गाडी ठरल्या जागी बंद पडली.

मग त्याने पाणी मोजायचं ठरवलं. मोजून नऊ लिटर भरलं आणि पुन्हा त्याच वाटेने निघाला. गाडी थांबताच उरलेलं डब्यात काढलं. साडेतीन भरलं. खाली रस्ता कोरडा होता. तेलात पाणी नव्हतं, सायलेन्सरमधून वाफ नव्हती, पाइपांना ओल नव्हती. इंजिनावर हात ठेववत नव्हता, आणि त्याला लागून असलेला रेडिएटर माठासारखा गार होता.

उदयसिंग बराच वेळ त्या गार पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला.

समोर बाभळीखाली एक जुनी विहीर होती. बाहत्तरच्या दुष्काळात ती आटली ती आटलीच. त्याने सहज वाकून पाहिलं. तळाला भेगाळलेला गाळ, एक फुटका माठ. पण कठड्यावर टेकलेला त्याचा तळवा ओला झाला होता. खालून ऊन वाफ येत होती, आणि तिला इंजिनाचा वास होता.

संध्याकाळी त्याने शेठजींना फक्त जागा सांगितली. शेठजींनी मान फिरवली. पाणी गाळत बसलेल्या त्यांच्या आई, धापूबाई, यांचा हात मात्र थांबला.

म्हातारीने सांगितलं ते असं. बाहत्तर साली लग्न लावून कंचनला घेऊन येताना गाडी तिथेच तापली होती. विहिरीच्या तळाशी जेमतेम पाणी होतं, शेवटचं. या जैन घरात गाडीलाही गाळलेलंच पाणी जातं. दुहेरी फडक्यातून गाळून ते गाडीत भरलं. नवरी तहानलेली होती, तीही दोन तांबे प्यायली. गाळल्यावर फडक्यात राहतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना जिवाणी म्हणतात. फडकं खंगाळून जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची असते. पण दिवस कलला होता, सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची होती. शेठजींनी फडकं घडी करून खिशात टाकलं आणि घरच्या विहिरीत खंगाळलं.

"माय, तीन वर्षांत ते पाणी मीच वीस खेपा बदललं," उदयसिंग म्हणाला.

"पाणी बदललं रे बाबा. पन ज्याचं होतं, त्याले कुठं भेटलं?"

तो हसला. हसू लगेच ओसरलं, कारण गार पत्रा अजून तळव्याला आठवत होता.

गुरुवारी दुपारी तो एकटाच गेला. धापूबाईंनी जिवाणी सोडायची बादली दिली होती. तिच्या बुडाला कडी असते. दोर त्या कडीला बांधून वरच्या दांडीत नुसता अडकवलेला, त्यामुळे पाण्याला टेकून दोर ढिला पडताच दांडी सुटते आणि बादली आपसूक उलटते. गाडी बंद पडल्यावर त्याने उरलेलं सगळं पाणी तिच्यात काढलं आणि दोर सोडला.

तळ वीस हातांवर दिसत होता. दोर वीस हात गेला. तीस गेला. चाळिसाव्या हाताला बादली उलटली.

पाण्याचा आवाज आला.

त्याने खाली पाहिलं नाही. दोर ओढला. बादली ऊन लागत होती.

बरोबर आणलेलं पाणी भरून तो धनजला जाऊन आला. गाडी थांबली नाही. गॅरेजात मोजलं तर नऊ लिटर, थेंब कमी नाही. बारावी टीप लिहायला त्याने खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी मागच्या सीटवर कंचनबाई धापूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. शेठजी पुढे बसले. कंचनबाईच्या कपाळावर घाम होता आणि म्हातारी तो पदराने टिपत होती.

बाभूळ दिसली. उदयसिंगची नजर काट्यावर होती. काटा मध्यावर. इंजिन एका सुरात चालत होतं. विहीर आली आणि मागे पडली. शेठजींनी डोळे मिटून हात जोडले.

"आजी, पानी द्या थोडं," मागून कंचनबाई म्हणाली.

धापूबाईंनी तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली.

"आनखी."

दुसराही संपला. तिने तिसरा मागितला.

"आता तर दोन पेली ना बाई," धापूबाई म्हणाल्या.  पदर कपाळावर तसाच थांबला होता. टिपायला घाम उरला नव्हता.

"उदयसिंग," त्या हळूच म्हणाल्या, "इचं आंग इतकं गार काहून पडून राह्यलं?"

त्याने आरशात पाहिलं. कंचनबाईचे ओठ गाळासारखे भेगाळले होते. मागच्या काचेपलीकडे, दूर, विहिरीच्या कठड्यावरून पाणी उन्हात चमकत रस्त्यावर उतरत होतं.

काटा मध्यावर होता.