पलीकडच्या काठावरचं शिंग

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. पण आनेश्का बाई थापा मारणाऱ्यातल्या नाहीत, आणि ही गोष्ट त्यांच्या सख्ख्या वडिलांची आहे.

तारीख १३ नोव्हेंबर १८८७. रविवार, सकाळचे अकरा. साझावा नदीकाठचं पोद्लेसी गाव.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. चर्चमधून सुटलेली माणसं नवे कोट घालून संगीत मंडळाच्या सभागृहात बसली होती.

आनेश्काचे वडील किलियान तेव्हा एकतीस वर्षांचे होते. घरचा धंदा नावेचा. मंडळाच्या वाद्यवृंदात ते पितळी शिंग वाजवायचे.

त्या काठावर एक रीत होती. पलीकडच्या माणसाला यायचं असेल तर त्यानं शिंगाच्या तीन हाका द्यायच्या. अलीकडून नावाड्यानं एक लांब सूर द्यायचा. म्हणजे, ऐकलं, निघालो.

आणि एकदा उत्तर दिलं की जावंच लागे. पूर असो, घरात मयत असो.

त्याच्या आठ वर्षं आधी, बर्फ फुटून नदी फुगली होती त्या मार्चमध्ये, किलियानचा थोरला भाऊ प्रोकोप पलीकडे अडकला. अलीकडे किलियान एकटाच घरी होता. दुसऱ्या दिवशी प्रोकोप खाली बंधाऱ्याशी बुडालेला सापडला. कोळ्याची गळकी होडी घेऊन तो स्वतःच निघाला होता. त्याचं शिंग काही मिळालं नाही.

"त्यानं हाक दिलीच नाही," असं किलियाननं आईला सांगितलं होतं.

आई, बार्बोरा, दरवर्षी विचारायची. "हाक दिल्याशिवाय पाण्यात उतरणारा नव्हता रे माझा प्रोकोप. खरंच काही ऐकू आलं नाही तुला?"

"नाही, आई."

हे एवढं खोटं किलियान आठ वर्षं छातीवर घेऊन जगत होता. आईला कळलं तर ती पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, एवढीच त्याला धास्ती.

आणि नेमकं या आठव्या वर्षी वाद्यवृंदाच्या ओताकार मास्तरांनी नावाड्यावर रचना बांधली. शब्द नाहीत, गाणं नाही, नुसत्या वाद्यांनी सांगितलेली गोष्ट. ती गोष्ट कागदावर छापून प्रेक्षकांना वाटायची, म्हणजे कुठल्या सुराला काय घडतंय ते त्यांना कळावं. पलीकडून तीन हाका. अलीकडून ट्रॉम्बोनचं, म्हणजे लांब पितळी कर्ण्याचं, उत्तर. नावाडी जातो, वाटसरू सुखरूप घरी येतो.

पलीकडची हाक लांबून यायला हवी. म्हणून एक शिंगवाला सभागृहाबाहेर उभा करायचा.

मास्तरांनी किलियानला निवडलं.

तालमीला त्याला कोट टांगायच्या खोलीत उभं केलं. मास्तर ओरडले, "कानात काय बोंबलतोस? लांब जा."

मग जिन्यात. "अजून लांब."

शेवटी मागच्या अंगणात, बिअरच्या पिंपांमध्ये. दार किलकिलं ठेवलं होतं.

"बायकोनं हाकलल्यासारखा दिसतोयस," ट्रॉम्बोनवाला शिमोन हसत म्हणाला.

"लग्न तर होऊ दे आधी," किलियान म्हणाला.

चौसष्ट आवर्तनं गप्प मोजायची आणि मग हाक द्यायची. थंडीनं बोटं बधिर झालेली. एकेचाळीसनंतर त्याचा हिशेब चुकला. आत पुढचं वाजायला लागलं, तसा तो माफी मागायला धावत गेला.

मास्तर हसत होते. "आत्ता जमलं. अगदी नदीपलीकडून आल्यासारखं."

किलियाननं शिंग ओठांना लावलंच नव्हतं...

तो कुणाला बोलला नाही. बोलून सांगणार काय?

रविवारी त्यानं आईला परोपरीनं विनवलं. "थंडी आहे, खोकला वाढेल. घरीच थांब."

"सेंट मार्टिनच्या सणाचा हंस चुलीत घातलाय. तो शिजेस्तोवर येते की," आई म्हणाली. आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसली.

अंगणात वर्षाचं पहिलं बर्फ पडत होतं. किलियाननं ठरवलं, या वेळी मोजण्यात चूक करायची नाही. दुसऱ्या कुणाला वाजवू द्यायचं नाही.

बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट.

त्यानं फुंकर मारली.

आवाज नाही.

पुन्हा मारली... आतून नुसती गुडगुड.

त्यानं शिंग उपडं केलं. वाफेचं चमचाभर पाणी सगळ्याच शिंगांतून निघतं. पण यातून ओंजळभर पाणी सांडलं. गढूळ. तळाशी वाळू.

आणि तेवढ्यात, नदीच्या दिशेनं...

पहिली हाक.

दुसरी.

तिसरी. शेवटचा सूर चिरकून वर गेला. प्रोकोपच्या शिंगाला पोचा होता, त्याचा शेवटचा सूर नेहमी तसाच जायचा.

आत ट्रॉम्बोननं उत्तर दिलं. रचनेप्रमाणे हाका तिथे संपायला हव्या होत्या.

चौथी हाक आली.

मग पाचवी.

वाद्यवृंद अडखळला आणि एकेक वाद्य गप्प झालं. हाक मात्र येतच राहिली. मग तीही थांबली.

अंगणाचं दार उघडलं. आई उभी होती. ओलं शिंग तिनं पाहिलं, खालची वाळू पाहिली.

"मी आत बसले होते. खिडक्या बंद, वाद्यांचा एवढा गलका. तरी मला ऐकू आलं," ती म्हणाली. "आपलं घर तर काठावरच आहे."



"त्या दिवशी मंडळात पहिल्या शिंगाची मानाची जागा प्रोकोपला मिळाली होती, आई, मला नाही," किलियान म्हणाला. "माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, थांबू दे जरा पलीकडे. जरा वेळच."

ती रडली नाही. तिनं शाल घट्ट केली.

"चल. त्याला उत्तर दे."

"उत्तर दिलं की जावं लागतं."

"माहितीये मला."

शिमोन आणि आणखी दोघे-तिघे त्यांच्या मागोमाग काठापर्यंत गेले. पुढचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

किलियाननं शिंग झटकलं. एक लांब सूर दिला. या वेळी तो स्वच्छ वाजला.

पलीकडून काहीच आलं नाही.

त्यानं नाव सोडली. पलीकडच्या काठाला लावली. माणूस चढायला लागतो तेवढा वेळ थांबला. नाव एकदा कलली... आणि सावरली.

परत येताना तीत किलियान एकटाच दिसत होता. पण नाव पाण्यात खोल बसली होती. दोघं असल्यावर बसते तेवढी.

आईनं दोर ओढला. हात पुढे केला.

किलियानकडे नाही. त्याच्या मागे, नावेच्या टोकाकडे.

"ये रे," ती म्हणाली. "हंस करपेल."

त्या दुपारी टेबलावर तीन ताटं मांडली गेली. बार्बोरा गेली तोवर रोज तीन. पुढे किलियानचं लग्न झालं, आनेश्का झाली, तरी एक ताट जास्तीचं असायचंच. ते किलियान स्वतःच मांडायचा.

मी आनेश्काबाईंना विचारलं, पलीकडे काय झालं ते वडिलांनी कधी सांगितलं का?

"कधीच नाही," त्या म्हणाल्या. "पण जेवताना मध्येच चमचा खाली ठेवायचे. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे मान वळवायची, आणि हळूच म्हणायचे, 'हो. आलं होतं ऐकू.'"

"रोज?"

"रोज. तीस वर्षं. कुणी काही विचारलेलं नसायचं."

त्या घरी मी अजून जेवायला जातो. त्या खुर्चीवर बसायची मात्र माझी छाती होत नाही.