हरवलेली कुरकुर

“मावशी, खुर्ची चोरीला गेली!”

मावशी तेव्हा टोमॅटो दाबून बघत होत्या. खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं. पिशव्या धरायला मात्र यजमान होते. हाक मारणाऱ्या दुकानदाराच्या मागे त्या निघाल्या. त्यांच्या मागे दोन पिशव्या आणि यजमान.

शेतकरी बाजाराच्या कोपऱ्यावर जुन्या फर्निचरचं ते दुकान होतं. लोक मुळ्याच्या जुड्या शिसवी टेबलांवर टेकवून किमती विचारत आणि मुळे उचलून निघून जात.

“इथे होती,” दुकानदाराने काचेमागची मोकळी जागा दाखवली. “आईची झुलती खुर्ची. ती गेल्यापासून नुसती पडून होती, म्हणून विकायला काढली. विकत घेणाऱ्या बाई बारा वाजता न्यायला येणार. कुलूप शाबूत आहे. किल्ल्या माझ्याकडे, अण्णांकडे आणि या पॉलिशवाल्याकडे. खुर्चीची कुरकुर काढ म्हणून आठवडाभर सांगतोय, तर ऐकेना. काल वाजलं आमचं. खुर्ची मिळाली नाही, तर आजपासून याचं काम बंद.”

“इतकी वर्षं इथे राबतोय,” पॉलिशवाला म्हणाला. “चोरायचीच असती, तर न कुरकुरणारी चोरली असती ना!”

“मग कुरकुर का नाही काढली?” मावशींनी विचारलं.

“आईंची आठवण यायची. हातच होईना.”

मावशी गल्ल्याकडे वळल्या. मागे दुकानदाराचे वडील, अण्णा, जमिनीपर्यंत लोळणारी चादर पांघरून बसले होते. एरवी बाईमाणूस दारात दिसलं की गुडघे ठणकत असले तरी अण्णा उठून उभे राहत. आज त्यांनी बसूनच हात जोडले. गल्ल्यावर जेमतेम चष्मा आणि टक्कल दिसत होतं.

“फार खचले हो,” यजमान कुजबुजले. “चार बोटं खाली गेलेत.”

“अण्णा, खुर्ची विकायला तुमची हरकत नव्हती?”

“दुकानाचा नियम आहे, आवडलं म्हणून काही ठेवायचं नाही. मीच केलेला. हिचं आरशाचं कपाटसुद्धा विकलं होतं मी. महिनाभर बोलली नाही. त्या खुर्चीत बसून नुसती झुलायची. घरात तेवढी कुरकुर ऐकू यायची.” अण्णांनी चष्मा पुसला. “पुढे बोलायला लागली. पण मला त्या आवाजाची सवय झाली होती.”

एव्हाना दमलेल्या यजमानांनी दाराजवळच्या पिंपातून, छत्र्यांमधून, एक काठी उपसली आणि तिच्यावर रेलताच ते कपाटावर आदळले.

“असल्या बाक आलेल्या काठ्या कोण घेतं? आणि त्याही दोन?”

“अहो, ठेवा पिशव्या खाली,” मावशी म्हणाल्या. “चोरी सुटली.”

“कोणी केली?” दुकानदार पुढे सरसावला.

“खुर्ची दुकानाबाहेर गेलीच नाही. तुम्ही झुलती खुर्ची शोधताय. तिचं झुलणं काढून घेतलं की ती तुम्हाला दिसत नाही. त्या काठ्या नव्हेत, खुर्चीच्या तळाच्या पट्ट्या आहेत. त्या काढल्या की खुर्ची चार बोटं बुटकी होते, आणि तिच्यात बसणाराही. मग ती लपवायला जमिनीपर्यंत चादर लागते. समोर बाई आली, तरी उठता येत नाही.”

दुकानदार चादर उचलायला वाकला आणि तसाच थांबला. “अण्णा, मला सांगायचं तरी!”

“नियम माझाच. मोडायचा कोणत्या तोंडाने? त्यापेक्षा चोरी बरी.”

“आणि माझं काम?” पॉलिशवाला म्हणाला.

“बाई परत गेल्या की कबूल होणार होतो रे.”

तेवढ्यात बाई दारात आल्या. अण्णा सवयीने उठू लागले. मुलाने खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

“माफ करा बाई, खुर्ची विकायची नाही. तिच्यात माणूस बसलाय.”

“ते उठले की नेते.”

“ते हल्ली उठत नाहीत.”

बाई तणतणत गेल्या. दुकानदार पॉलिशवाल्याकडे वळला. “चुकलं माझं. पट्ट्या परत बसव.”

“आणि कुरकुर काढायची?”

“हात तर लावून बघ. आजपासून काम बंद.”