पांझरेच्या घळीतलं बाळंतघर

शपथेवर सांगतो पोरांनो, यातला शब्दन् शब्द खरा. चुडामणनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेला. म्हणजे... चुडामणनं नाही, तानुबाई सुईणीनं. हसू नका रे.

गेल्या सालची, पंचेचाळीसची गोष्ट. मार्गशीर्षातली अमावास्या. चुडामणची बायको झुंबरबाई सकाळपासून अडलेली. रात्री नऊच्या सुमारास तो कंदील घेऊन पांझरेपलीकडे तानुबाईला आणायला गेला. नदीला पाणी घोट्याएवढं. म्हातारी लगेच निघाली. वाटेत म्हणते, "हळू चाल रे भाऊ, मी काय घोडी शे?"

परतताना घळ लागते. तिथं चुडामण थबकला.

वाटेत रानडुकरीण उभी. पाठीवरचे केस जळून गेलेले. आणि पायाखालच्या जमिनीतून पिलांचं चिरकणं...

"चुडामण, खरं सांग. काय जाळलं तू?"

"अक्का, सगळी दादर ज्वारी तुडवतात ही डुकरं. दुपारी इथं गवताचा ढीग दिसला. वाटलं, दडायची जागा असेल. पेटवला."

"येड्या, व्यायच्या आधी डुकरीण गवत तोडून रचते. तिचं बाळंतघर ते! ती कुठं होती?"

"आतच."

"मग?"

"मेली, अक्का. मी पाहिली मेलेली."

त्यानं कंदील तानुबाईच्या हातात दिला.

चुडामणनं हात जोडले. "आई, घरी बायको मरतेय. जाऊ दे." डुकरीण हलेना. तो डावीकडे सरकला. ती डावीकडे. उजवीकडे... उजवीकडे.

मग तो खाली बसला नि गवत उपटायला लागला. कुसळं रुतली. बोटं फाटली. उपटत राहिला, रडत राहिला. राखेवर ढीग रचला. कमरेएवढा.

चिरकणं ढिगात शिरलं.

थांबलं.

वाट मोकळी.

धावत घर गाठलं. दाराला आतून कडी. शेजारीण मंदाबाईनं दार उघडलं आणि त्याच क्षणी आत बाळ रडलं. तानुबाईनं कंदील वर केला. दाराला आतल्या बाजूनं, गुडघ्याच्या उंचीवर, ओला चिखल घासलेला. त्यात दोन राठ केस.

"कोण आलं होतं?"

"कुणीच नाही," मंदाबाई म्हणाली.

...काय रे रुपचंद? खोटं किती म्हणतोस?

बठ्ठं, सगळंच खरं शे. घळ खरी, चिखल खरा. बाळ रडलं म्हणालो ना... तेवढंच माझ्या पदरचं.